मातीतला काळा, आभाळातला पिवळा

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी नापास झालो आणि वडिलांनी माझ्यासाठी नागापूरच्या एका कारखान्यात शब्द टाकून ठेवला. नगरबाहेर नागापूरला तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते आणि गावातल्या प्रत्येक बापाला वाटायचं, आपल्या मुलासाठी तिथं एक मशीन राखून ठेवलेलं आहे. मला मशीनच्या आवाजाची धास्ती होती. त्यामुळे मुंबईच्या एका प्रकाशनाला नगर जिल्ह्यासाठी फिरता प्रतिनिधी हवा आहे अशी जाहिरात दिसली, तेव्हा विकायचं काय आहे ते न बघताच मी अर्ज टाकला. नेमणूक झाल्यावर कळलं, की चित्रकथा विकायच्या आहेत.

आमच्या कंपनीचा एक नायक होता. अंगाला चिकटलेला पिवळा पोशाख, पाठीवर हिरवी झूल, डोक्यापासून मानेपर्यंत पिवळी टोपी आणि डोळ्यांपुरती दोन भोकं. अंगावर वीज पडली की त्याला ताकद यायची. मग तो ढगांवरून चालत जाऊन तस्करांची विमानं हातानं खाली ओढायचा. कंपनीनं त्याला भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं, पण ते नाव घेऊन अंक मागणारं पोरगं मी जिल्ह्यात पाहिलं नाही. सगळे म्हणायचे, “पिवळ्याचा नवा आला का?” महिन्याभरात मीही पिवळाच म्हणायला लागलो.

माझं काम साधं होतं. नगरहून एस.टी.नं निघायचं, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर असं फिरायचं, स्टँडवरच्या पेपर स्टॉलवाल्यांकडे नवे अंक टाकायचे, न खपलेल्यांचा हिशेब करायचा आणि आपले अंक पुढच्या दोरीवर, डोळ्यांच्या उंचीला टांगले जातील हे बघायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड, कारण त्याच दोरीवर काळाही टांगलेला असायचा.

काळा पुण्याच्या एका प्रकाशनाचा. तो एका जुन्या, पायऱ्यांच्या बारवेत राहायचा. अंगात काळा पोशाख, तोंडाला काळं फडकं, पाय अनवाणी. त्याची सगळी ताकद मातीत. पाय मातीला टेकलेले असले की तो आगगाडी अडवायचा. पाय उचलला की संपलं, मग तो आपल्यासारखाच. त्यामुळे प्रत्येक अंकात दुष्ट लोक त्याला उचलायच्या मागे असायचे. आमचा अंक चार रंगांत, गुळगुळीत कागदावर. काळ्याचं फक्त कव्हर रंगीत, आत नुसती काळी शाई. तरी तो जोरात खपायचा आणि का खपतो, ते मला कळत नव्हतं.

कळलं ते श्रीरामपूरच्या गाडीत. उन्हाळा होता. शेजारच्या सीटवर पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई येऊन बसल्या. पांढरं सुती लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट आणि मांडीवर सुतळीनं बांधलेलं पार्सल. पार्सलाच्या फाटक्या कोपऱ्यातून काळ्याचा अनवाणी पाय बाहेर डोकावत होता. मी त्या पायाकडे बघतोय हे त्यांनी बघितलं. मग माझ्या पायाशी असलेल्या खोक्याकडे बघितलं.

“तुम्ही पिवळ्याचे का?”

“हो,” मी म्हटलं. “आणि तुम्ही?”

“मी काळ्याची.”

पुढच्या सीटवरचे आजोबा मान वळवून आमच्याकडे बघू लागले.

बाई पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. यजमानांच्या लांबलेल्या आजारपणात नोकरी सुटली, पुढं यजमानही गेले. पुण्याच्या छापखान्यात असलेल्या भावानं हे काम लावून दिलं. निम्म्या जिल्ह्यातल्या मास्तरांना त्या ओळखत होत्या. उरलेल्या निम्म्यातले मास्तर त्यांचे विद्यार्थी होते. मी स्टँडवर स्टॉलवाल्याला चहा पाजत बसायचो, तेव्हा बाई सरळ शाळेत जायच्या, मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात उभ्या राहून पहिली चार पानं मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि पाचव्या पानावर, काळ्याला दोरखंडानं वर खेचायला लागले की पुस्तक मिटायच्या. संध्याकाळी स्टॉलवर रांग लागायची.

“हे बरोबर नाही, बाई,” मी म्हटलं.

“तुम्हीही वाचा की. शाळा काय माझ्या एकटीच्या आहेत?”

मी कोपरगावच्या एका शाळेत प्रयत्न करून बघितला. दुसऱ्या पानावर पोरं क्रिकेट खेळायला निघून गेली. वाचताना मला ढगांचा गडगडाट नीट काढता येत नव्हता.

मग मी माझ्या परीनं लढायला लागलो. मुंबईहून पिवळ्याची मोठी पोस्टरं मागवली आणि स्टँडच्या खांबांवर चिकटवली. आठवड्यात प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी काळ्याची चित्रं आली, अशी की काळा पिवळ्याच्या पायाला धरून खाली खेचतोय असं वाटावं. मी अंकाबरोबर कागदी मुखवटा फुकट द्यायला सुरुवात केली. बाईंनी अंकाबरोबर चिमूटभर माती दिली. खरंच दिली. कागदाच्या पुडीत बांधलेली साधी माती, वर लिहिलेलं, ‘बारवेतली’. पोरं ती माती खिशात घेऊन फिरायची, आणि परीक्षेच्या वेळी बुटात घालायची असं मला एका हेडमास्तरांनी सांगितलं.

“कुठली माती आहे ही?” मी बाईंना एकदा विचारलं.

“आमच्या अंगणातली. तुळशीला वापरतात लोक, मी गुलाबाला वापरते.”

आमचं असं चाललेलं असताना आम्ही प्रवास मात्र एकत्रच करायचो. गाड्याच मोजक्या होत्या, त्याला इलाज नव्हता. बाई डबा आणायच्या, त्यात चपातीबरोबर वाळलेल्या बोंबलाची चटणी असायची. घरी आम्ही शाकाहारी. ती चटणी मी पहिल्यांदा राहुरीच्या स्टँडवर खाल्ली आणि पुढच्या फेरीपासून बाई दोघांपुरती आणायला लागल्या. तुम्ही जाऊन तू कधी झालं ते आठवत नाही. त्या मला तू म्हणायच्या, मी त्यांना बाईच म्हणत राहिलो.

दुष्काळ पडला त्याच्या आधीच्या चैत्रात मुंबईच्या ऑफिसनं एक पार्सल पाठवलं. त्यात पिवळ्याचा खराखुरा पोशाख होता. टोपी, झूल, हातमोजे, सगळं. सोबत सूचना, की जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या यात्रेत हा पोशाख घालून माणूस उभा करावा आणि विक्री वाढवावी. मी देवळाली प्रवरेच्या बाजूच्या एका गावची यात्रा निवडली. पाटाच्या पाण्यावरचा, उसाचा भाग. लोकांच्या हातात खर्चायला दोन पैसे असायचे आणि यात्रेला गर्दी तुफान व्हायची. पोशाखात माणूस कोण घालायचा, हा प्रश्न होता. मी राहुरीच्या एका तालमीतला पैलवान गाठला. उंच, रुंद, बोलायला अतिशय लाजरा. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या लावून घ्यायचा.

“नुसतं उभं राहायचं?” त्यानं विचारलं.

“नुसतं उभं राहायचं. पोरांशी हात मिळवायचा.”

“आन तोंड झाकल्यालं आसंल?”

“पूर्ण.”

“मग येतो,” तो म्हणाला.

पोशाख मुंबईच्या कुणा सडपातळ माणसाच्या मापाचा होता. राहुरीच्या शिंप्यानं दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडून तो कसाबसा पैलवानाच्या अंगावर बसवला. टोपीलाही पट्टी जोडली, ती मात्र सैल झाली आणि तशीच राहिली; झूल मागं जमिनीवर लोळत होती.

यात्रेच्या दिवशी सकाळी मी पिवळ्याला घेऊन देवळामागं पोचलो तर रेवडीवाल्याच्या दुकानाशेजारी काळा उभा. काळा पोशाख, तोंडाला फडकं, अनवाणी. शेजारी बाई.

“पुण्याहून पोशाख आला,” त्या म्हणाल्या. “तुझाही आला वाटतं.”

काळ्याच्या आत त्यांचा भाचा होता. दवाखान्यात कंपाउंडर. किडकिडीत, गळ्याची घाटी वरखाली होताना फडक्यातूनही दिसायची. पिवळ्याच्या शेजारी तो उभा राहिला तेव्हा मला मनातून फार बरं वाटलं. आज बाईंच्या शाळा, वाचन, माती, काही चालणार नव्हतं.

पोरांची ही गर्दी जमली. सुरुवातीला हात मिळवणं, गालाला हात लावून बघणं झालं. मग एका पोरानं विचारलं, की दोघांत जास्त ताकद कुणात. मी म्हटलं पिवळ्यात, बाई म्हणाल्या काळ्यात. पोरांचे दोन तट पडले. मोठी माणसं आली, त्यांचेही पडले. संध्याकाळी कुस्त्यांचा हगामा होता, म्हणजे जमलेल्या पैलवानांच्या कुस्त्या. यात्रा कमिटीतला एक फेटेवाला गृहस्थ गर्दीतून पुढं आला आणि म्हणाला, “हितं कशाला भांडता? रेवड्यांच्या कुस्त्या झाल्या की ह्यांची लावू. निकाल लागून जाईल.”

रेवड्यांच्या कुस्त्या म्हणजे अगदी सुरुवातीच्या, बारक्या पोरांच्या. जिंकेल त्याला मूठभर रेवड्या. त्यानंतर आमचे दोघं. गर्दीनं ते उचलून धरलं. माघार घेणं म्हणजे आमच्या नायकाला भित्रा ठरवणं, आणि बाईंचीही तीच अडचण.

आम्ही दोघं देवळाच्या मागं जाऊन बोललो.

“हे पोरगं मरेल,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “त्यानं आयुष्यात कुस्ती केलेली नाही. मी बहिणीला काय सांगू?”

मला जिंकायचं होतं, पण कंपाउंडरची हाडं मोडून नको होतं. “बरोबरीत सोडवू,” मी म्हटलं. “थोडा वेळ धरून उभे राहतील, मग हात वर करतील. दोघांची अब्रू राहील.”

बाईंनी मान हलवली. मी पैलवानाला सांगायला गेलो. तो झाडाखाली टोपी काढून वारा घेत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “साहेब, पंच कोन हाय ते बघितलं का?”

“कोण आहे?”

“आमचं वस्ताद. नुरा कुस्ती केली तर मला तालमीत पाय ठिवू देनार न्हाईत. मातीत उतरवायचं आसंल तर खरंच लढावं लागंल.”

“तो पोरगा दवाखान्यात काम करतो. बेतानं घे.”

“बेतानं घेतो. वर उचलतो आन अलगद ठिवतो. लागू देनार न्हाई.”

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी भाच्याच्या तोंडावरचं फडकं नीट केलं आणि त्याचा हात धरून त्याला आखाड्याकडे घेऊन गेल्या.

हलगी वाजत होती. आखाड्याभोवती माणसांची भिंत, पोरं पुढं मातीला टेकून बसलेली. पिवळा उतरला तेव्हा टाळ्या पडल्या, काळा उतरला तेव्हा हशा. वस्ताद पांढऱ्या मिशांचे, धोतराचा काचा मारलेले. त्यांनी पिवळ्याच्या झुलीकडे बघून तोंड वाकडं केलं, दोघांना सलामी द्यायला लावली आणि बाजूला झाले.

पैलवान सांगितल्याप्रमाणे बेतानं पुढं गेला. कंपाउंडर मागं सरला. पैलवान आणखी पुढं, कंपाउंडर आखाड्याच्या कडेनं गोल गोल. लोक हसायला लागले. शेवटी पैलवानानं झेप घेऊन त्याची कंबर धरली. आता उचलणार, एवढ्यात कंपाउंडरनं घाबरून मिळेल ते धरलं. मिळाली पिवळ्याची टोपी. टोपी आधीच सैल. ती गर्रकन फिरली आणि डोळ्यांची भोकं कानामागं गेली. पैलवानाला दिसेना. त्यानं कंबर सोडून टोपी चाचपायला सुरुवात केली. हातात जाड मोजे होते, टोपी काही सरळ होईना. कंपाउंडर सुटला आणि त्याच्या मागं जाऊन उभा राहिला.

पुढं बसलेली सगळी पोरं तेव्हा एकदम ओरडायला लागली, “काळ्या, पाय उचलू नको. पाय उचलू नको.”

त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. काळ्याची ताकद मातीत. कंपाउंडरला त्या क्षणी जगात दुसरं कुणी काही सांगत नव्हतं. त्यानं पोरांचं ऐकलं. दोन्ही पाय मातीत रोवून, डोळे मिटून तो खांबासारखा उभा राहिला. आणि तो उभा होता पिवळ्याच्या झुलीवर.

पैलवानानं आवाजाच्या रोखानं समोर झेप घेतली. झूल ताणली गेली, गळ्याशी आवळली, आणि तो प्रचंड माणूस मागच्या मागं मातीत उताणा पडला. धूळ उडाली. हलगी थांबली.

वस्ताद जवळ गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “पाठ लागली. काळा जितला.”

“वस्ताद, कापडानं पाडलं मला,” पैलवान टोपीतून म्हणाला.

“कापड तूच घालून आलास ना?”

पुढं काय झालं ते धड दिसलंच नाही. पोरं आखाड्यात घुसली आणि त्यांनी काळ्याला खांद्यावर घेतलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की त्याचे पाय मातीपासून सुटलेत, म्हणून घाईनं परत खाली ठेवलं. बाई माझ्या शेजारी उभ्या राहून डोळे पुसत होत्या, आणि हसत होत्या की रडत होत्या ते सांगता येत नव्हतं. त्यांच्याकडचे सगळे अंक दिवेलागणीच्या आत संपले. माझी खोकी उघडलीही नाहीत.

पैलवान एका बैलगाडीमागं मान खाली घालून बसला होता. मला वाटलं आता हा माझ्यावर चिडणार. त्यानं पिवळ्याचा अंक मागितला. मी दिला. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यानं तो सगळा वाचला. वाचायला त्याला बराच वेळ लागला, आणि मी तिथंच बसून राहिलो. शेवटी त्यानं पुस्तक मिटलं.

“ह्यो तर ढगावर आसतो,” तो म्हणाला. “ह्याला मातीत कशाला उतरवलं तुमी?”



नगरच्या एका दैनिकात या कुस्तीबद्दल दोन-चार ओळी छापून आल्या आणि मुंबईहून मला तार आली, ताबडतोब खुलासा करा. नोकरी गेली असं धरून मी पुढच्या फेरीला निघालो. निदान स्टॉलवरचे अंक गोळा करून परत पाठवावेत म्हणून राहुरीच्या स्टँडवर उतरलो तर स्टॉलवाल्यानं मलाच झापलं. “कुठं होतात? पिवळा संपला. पोरं डोकं खातायत.”

“पण तो तर हरला.”

“म्हणून तर. आता तो काय करतो ते बघायचंय त्यांना.”

श्रीरामपूरला तेच. देवळालीला तर दोन पोरं मला गाठून म्हणाली, की वीज पडलेली नसताना कुस्ती लावली हा अन्याय आहे, आणि हे तुम्ही मुंबईला कळवा. मी कळवलं. खुलाशात फक्त वाढलेली विक्री लिहिली आणि पोरांची तक्रार लिहिली. ऑफिसनं नोकरी ठेवली आणि तीन महिन्यांनी जो अंक आला, त्याच्या कव्हरवर पिवळा एका काळ्या पोशाखातल्या दरोडेखोराला विजेनं भाजून काढत होता. पुण्यानं पुढच्या महिन्यात उत्तर दिलं. काळा एका पिवळ्या रंगाच्या राक्षसाला बारवेत बुडवत होता. पोरं दोन्ही घ्यायला लागली. एक घेऊन भागतच नव्हतं.

“आपण भांडलो की खपतं,” बाई एकदा गाडीत म्हणाल्या.

“हो ना.”

“मग भांडू या की.”

तिथून आमची भांडणं सुरू झाली. स्टँडवर उतरायचं, स्टॉलपाशी जायचं आणि सुरू व्हायचं. बाई मोठ्यानं म्हणायच्या, “तुमचा तो ढगातला बाहुला, त्याला खाली उतरायला शिडी लागते.” मी म्हणायचो, “तुमचा बारवेतला बेडूक आधी अंघोळ करून येऊ द्या.” बाई भांडायला विलक्षण होत्या. वर्गातल्या चाळीस पोरांना गप्प करणारा आवाज होता तो. गर्दी जमायची, पोरं आपापल्या बाजूनं सामील व्हायची, आणि आम्ही निघून गेल्यावर स्टॉलवाला दोन्ही अंक विकायचा. संगमनेरच्या स्टँडवर हे इतकं रंगलं, की एका म्हाताऱ्या वारकऱ्यासारख्या दिसणाऱ्या गृहस्थानं माझा दंड धरला.

“आईच्या वयाच्या बाईशी असं बोलतात का? माफी माग.”

मी बघितलं तर बाई मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. मी हात जोडून माफी मागितली. त्यांनी ती मोठ्या मनानं दिली आणि काळ्याचे जास्तीचे अंक स्टॉलवाल्यानं त्या दिवशी मागून घेतले. पुढच्या गाडीत बसेपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. डबा उघडल्यावर बोललो.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. पाटाच्या भागात तरी काही हिरवं दिसायचं, पण पाथर्डी, जामखेडच्या बाजूला गावंच्या गावं दुष्काळी कामांवर गेली. तलाव खोदणं, रस्त्यासाठी खडी फोडणं. शाळा ओस पडल्या, कारण पोरं आईबापांबरोबर कामावर. तिकडच्या स्टॉलवर आमचे अंक दोरीवर ऊन खात लटकायचे. कंपन्यांची पद्धत अशी होती, की न खपलेल्या अंकांची फक्त कव्हरं फाडून परत पाठवायची. आतला कागद वाहून न्यायला परवडत नसे, तो जागेवरच रद्दीत जायचा. पुण्याचीही तीच पद्धत. पाथर्डीच्या स्टॉलमागं असा बिनकव्हरच्या अंकांचा ढीग साठला, पिवळे आणि काळे एकत्र.

बाई तो ढीग बघत बराच वेळ उभ्या राहिल्या.

“चल, एका ठिकाणी जाऊन येऊ,” त्या म्हणाल्या.

आम्ही दोन गठ्ठे बांधून एका तलावाच्या कामावर गेलो. दुपारची सुट्टी होती. पोरं सुकडीच्या, म्हणजे सरकारी पौष्टिक पिठाच्या, वाटपाच्या रांगेतून परत येत होती, अंगभर पांढरी धूळ. बाईंनी एका मोठ्या दगडावर बसून वाचायला घेतलं. या वेळी पाचव्या पानावर थांबल्या नाहीत, शेवटपर्यंत वाचलं. मग गठ्ठे सोडले आणि वाटून टाकले.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा पोरं तलावाच्या भरावावर खेळत होती. दोघं पुढं, बाकीची मागं. मी एकाला विचारलं, “यात पिवळा कोण आणि काळा कोण?”

त्याला प्रश्न कळला नाही. कव्हरं नव्हती, त्यामुळे दोन वेगळी पुस्तकं आहेत, दोन वेगळ्या कंपन्या आहेत, हे त्यांना माहीतच नव्हतं. फाटकी पानं त्यांनी हवी तशी एकापुढं एक लावली होती. त्यांच्या गोष्टीत हे दोघं भाऊ होते. वरचा ढग अडवायचा आणि खालचा जमिनीतून पाणी वर ओढायचा.

“मग पाऊस पडला का?” बाईंनी विचारलं.

“न्हाई आजून,” तो म्हणाला. “ते पान सापडना.”

परतताना बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “मी परत शाळेत जावं म्हणते. कुठं जागा निघते का बघते.”

दुष्काळ सरला, पण त्यापाठोपाठ कागदाची टंचाई आली. कागद मिळेना आणि मिळाला तर भाव असा, की दोन्ही कंपन्यांना अंक काढणं जमेना. आधी आमचा पाक्षिकाचा मासिक झाला, मग पानं कमी झाली, मग चार रंगांचे दोन झाले. दोन रंगांत पिवळा हिरवट दिसायला लागला. एके दिवशी मुंबईहून कळवलं, की पुढचा अंक शेवटचा. पुण्याचा त्याच्या आधीच बंद झाला होता, त्यामुळे तांत्रिक दृष्ट्या आम्ही जिंकलो. मी तसं बाईंना म्हटलंही.

“तुझं अभिनंदन,” त्या म्हणाल्या आणि खरोखरच हात पुढं केला.

पुढं मी नगरलाच एका पुस्तकाच्या दुकानात लागलो आणि काही वर्षांनी स्वतःचं दुकान टाकलं. नागापूरचं मशीन वडिलांनी माझ्या धाकट्या भावाला दिलं आणि तो तिथं सुखानं रिटायर झाला. पैलवान पुढं मोठ्या आखाड्यांत लढला. त्याला पुकारताना सगळे पिवळा पैलवान म्हणायचे. पहिल्यांदा तो चिडायचा, नंतर त्यानं स्वतःच पिवळा लंगोट शिवून घेतला. कंपाउंडर भाच्यानं पुन्हा कधी आखाड्यात पाय ठेवला नाही.

मी दुकानात नवीनच लागलो होतो, तेव्हा बाईंना राहुरीच्या बाजूला एका शाळेत जागा मिळाली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी त्या दुकानात आल्या होत्या, चौथीच्या वर्गासाठी गोष्टींची पुस्तकं हवी होती. मी निवडून निवडून काढली. त्यांनी एकेक चाळली, दोन बाजूला ठेवली आणि बाकीची परत केली.

“यांत पहिल्या पाच पानांत काही घडतच नाही रे,” त्या म्हणाल्या. “दुसरी दाखव.”